पावणेपाचची जाग

१० नोव्हेंबर, सोमवार

सुखरूप पोचले. वाशीमहून रात्रभराचा प्रवास. वाघोलीला उतरले तेव्हा थंडीने बोटं वाकत नव्हती. वरददादा स्वतः गाडी घेऊन आले होते. पोरीलाही आणलं होतं. मागच्या सीटवर पट्ट्यात बसवलेली, डोक्यावर माकडटोपी, एका पायात मोजा. दुसरा मोजा तिने काढून माझ्या हातात दिला. म्हणजे नोकरी पक्की झाली, असं मी समजले.

घर पुण्याच्या कडेला मांजरी गावात, आठव्या मजल्यावर. गॅलरीतून एका बाजूला नव्या इमारती, दुसऱ्या बाजूला नुसता ऊस. वाऱ्याने तो सगळा एकदम कलतो. एवढ्या उंचावर मी कधी राहिले नाही. खाली वाकून बघितलं की कठडा घट्ट धरते आणि तरी परत बघावंसं वाटतं.

पोरीचं नाव मुक्ताई, घरात मुक्ता. वय एक वर्ष सात महिने. तिची आई चैताली ऑगस्टमध्ये डेंग्यूने गेली. आठ दिवस आयसीयूत होती. दादांनी हे गाडी चालवताना, रस्त्यावरची नजर न हलवता सांगितलं. त्यांचं वय असेल बत्तीस. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तरी मी दादाच म्हणते आहे. ते मला ताई म्हणतात.

ही वही त्यांनीच दिली. मुक्ता कधी उठली, काय खाल्लं, किती झोपली, सगळं लिहायचं. मी पुढच्या बाजूने मुक्ताचं लिहिणार. मागच्या बाजूने माझं. हे माझं.

मुक्ताने आल्या आल्या मला घरातल्या सगळ्या चपला एकेक करून आणून दाखवल्या. बायकी चपलांचा एक जोड होता, निळ्या पट्ट्यांचा. तो दाखवून परत जागच्या जागी नेऊन ठेवला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मी मुक्ताच्याच खोलीत झोपते. तिचा पलंग भिंतीला लागून, शेजारी माझी गादी. खिडकीपाशी वेताची एक खुर्ची आहे, बसून बसून मधोमध खोल झालेली. चैताली तिथे बसून पाजायची.

दादांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पोर दिवसा शहाणी असते, अडचण पहाटेची. पावणेपाचला उठते. आई असताना त्या वेळेला प्यायची आणि पुन्हा सातपर्यंत झोपायची. दिवाळीनंतर अंगावरचं दूध तोडायचं असं चैतालीने ठरवलं होतं.

बरोबर पावणेपाचला उठली. आधी नुसती बसली. मग अंधारात "दुदू" म्हणाली, विचारल्यासारखं. मी हाक मारली तर माझ्याकडे आली, माझ्या गळ्यापाशी नाक घासलं आणि मागे सरली. मी ती नव्हते. मग जी रडायला लागली ती सव्वासहापर्यंत. वाटीतून दूध दिलं, पाणी दिलं, केळं दिलं. सगळं ढकललं.

मुक्ताच्या डॉक्टर मॅडमनी कागदावर लिहून दिलंय: रात्रीचं जेवण पोटभर, पडदे जाड, उठली की लगेच उचलायचं नाही, थोपटायचं, रोज तेच शब्द म्हणायचे. "दुदू झोपलंय, उजाडल्यावर खाऊ." मी तेच म्हटलं. मुक्ता रडता रडता थांबली, खुर्चीकडे बोट केलं आणि म्हणाली, "आई जोजो."

नर्सिंगचा, एएनएमचा कोर्स केलाय मी, आठ वर्षं वॉर्डात काढली आहेत. तरी तोंड फिरवावं लागलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवसांत रडणं सव्वा तासावरून पस्तीस मिनिटांवर आलं. मऊ भात आवडतो. नाचणीची खीर आवडते, पण चमचा तिच्याच हातात हवा.

समोरच्या फ्लॅटमध्ये शालनकाकू राहतात, सदाशिव पेठेतून इकडे आलेल्या. आज दारात उभ्या राहून विचारलं, रोज पहाटे एवढं काय चालतं? मी सांगितलं. म्हणाल्या, "आमच्या वेळी कडुनिंब लावायचे, दोन दिवसांत विषय संपायचा. आता वह्या लिहितात." पुढे म्हणाल्या, "अर्थात, लावणार कुणाला? ज्याला लावायचं तेच नाही राहिलं." आणि दार लावून घेतलं. तासाभराने वाटीभर मेथकूट आणून दिलं, ते मात्र एक शब्द न बोलता.

त्यांच्याकडूनच कळलं की माझ्याआधी दोन बायका येऊन गेल्या. एक आठ दिवस राहिली, दुसरी पाच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जमलं!

सवयीने पावणेपाचला मला जाग आली. खोली शांत. मुक्ताकडून बारीक आवाज येत होता, चोखल्यासारखा. अंगठा चोखत असेल. अंगठा चालेल, अंगठा नंतर सोडवता येतो. मी हलले नाही. ती सातला उठली, हसतच. दादांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. आनंद झालेला दिसला नाही. थकले असतील, रात्री उशिरापर्यंत त्यांचे परदेशातले कॉल असतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस झाले, रडणं बंद. पण सकाळचं खाणंही बंद. खीर तोंडात घेते आणि जिभेने बाहेर ढकलते. पोट भरलेल्या पोरासारखी.

आज उशी बदलताना तिच्या ओठाच्या कडेला पांढरं सुकलेलं दिसलं. उशीवरही ओला डाग. रात्री मी दूध दिलं नव्हतं. वास घेतला. गाईच्या दुधाचा वास वेगळा, पिशवीच्या दुधाचा वेगळा. हा मला माहीत असलेला वास होता. पातळ, गोडसर.

उशीचा अभ्रा धुऊन टाकला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दवाखान्यात वजन केलं. दहा तारखेला नऊ किलो आठशे होतं. आज नऊ किलो दोनशे. मॅडम मला म्हणाल्या, ताई, नीट बघून सांगा, ती खाते किती? मी वही पुढे केली. वाचून त्यांनी चष्मा काढला. रक्त तपासायला दिलं.

मुक्ता त्रास काही देत नाही. तेच बरं वाटत नाही. दिवसभर लोळून असते, चपला आणून दाखवत नाही. संध्याकाळ झाली की खोलीच्या दारात जाऊन बसते, वाट बघितल्यासारखी.

आमच्या घरात भूतखेत कधी मानलं नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा मला लहानपणापासून पाठ आहेत. मी हे स्वतःसाठी लिहून ठेवते आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जागी राहिले. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते.

चार चव्वेचाळीसला मुक्ता उठून बसली. डोळे उघडे. पलंगावरून पोटावर घसरत खाली उतरली, खुर्चीपाशी गेली, हात वर केले. खुर्ची करकरली. मुक्ता वर चढली, आणि आडवी झाली.

खिडकीतून सोसायटीच्या दिव्याचा उजेड येत होता. तिचं डोकं खुर्चीला टेकलेलं नव्हतं. खुर्चीच्या हातापासून वीतभर वर होतं. मानेखाली काही नव्हतं आणि मान लटकलेली नव्हती. कुणीतरी दंडावर डोकं घेतल्यावर पोर जशी असते तशी. पाय हलत होते, मजेत. एक हात वर गेला आणि बोटं हवेत काहीतरी गुंडाळायला लागली, सोडायला लागली, पुन्हा गुंडाळायला. पिताना पोरं आईचं मंगळसूत्र खेळवतात तशी.

घोट ऐकू येत होते. एक, एक, मग थांबून दोन.

मी ओरडू शकले असते. उठू शकले असते. पण तिचा चेहरा. दोन आठवड्यांत मी त्या पोरीचा असा चेहरा बघितला नव्हता. मला उठवलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी ती स्वतःच्या पायांनी परत येऊन झोपली. हात लावला तर गाल बर्फासारखा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दादांना सांगितलं. आधी चिडले. म्हणाले, तुम्ही झोपेत होतात. मी म्हटलं, वहीत वेळ लिहिली आहे. मग म्हणाले, "गुणगुणणं ऐकलंत का?"

मी नाही म्हटलं.

"मला ऐकू येतं. दाराबाहेरून."

सप्टेंबरपासून येतं, म्हणाले. रोज पावणेपाचला ते खोलीच्या बंद दाराबाहेर, फरशीवर येऊन बसतात. आधीच्या दोघींना काही दिसलं असेल, त्यांनी सांगितलं नाही, निघून गेल्या. चैताली पाजताना नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायची, त्याला चाल नव्हती, शब्द नव्हते. तेच येतं. वही त्यांनी एवढ्याचसाठी दिली होती. दुसऱ्या कुणालाही कळतं का, ते बघायचं होतं. मी आले आणि थोपटायला लागले, तसं आठवडाभर बंद झालं होतं. "तो आठवडा मी कसा काढला, मला विचारू नका," म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, पोर वाळत चालली आहे."

"माहितीये." म्हणाले, "पण ती तेवढ्याच वेळेला येते हो."

मी पोळ्या लाटायला गेले. दुसरं काय करणार होते?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आठ किलो नऊशे. परवा दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. सलाईन लावलं. काल तिथे पावणेपाचला मुक्ता अशी रडली की ओठ निळे पडले. नर्स धावल्या. दारांकडे बघत होती, एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे. तिथे आई येत नाही, हे पोरीला समजत नव्हतं.

आज दुपारी दादांनी कागदावर सही करून घरी आणली. मॅडम नको म्हणत होत्या, मी नको म्हणत होते. घरात शिरल्यावर मुक्ता त्यांच्या खांद्यावरून खोलीकडे झेपावली.

दादा कामाला बसल्यावर मी वॉचमन नागोरावांना बोलावून ती खुर्ची खाली नेऊन ठेवायला सांगितली. ते हिंगोलीचे, आपल्याकडचेच. म्हणाले, "चांगली हाय की खुर्ची, कामून काढता?" मी काही सांगितलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

खुर्ची काढायला नको होती.

रात्री मुक्ताला माझ्याच गादीवर घेतलं होतं, भिंतीच्या बाजूला. पहाटे गादी दबली. भिंतीच्या बाजूला नाही, माझ्या आणि मुक्ताच्या मध्ये. मी कुशीवर होते, तोंड दाराकडे. माझ्या पाठीला पाठ लागली. ओल्या कपड्यासारखी गार. मणका न् मणका जाणवत होता. आयसीयूत आठ दिवस झिजलेली पाठ.

गुणगुणणं मी ऐकलं.

पंचवीस मिनिटं तशीच. तिला माझी अडचण नव्हती. माझ्याकडे लक्षच नव्हतं तिचं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज मी तिच्याशी बोलले.

मुक्ताला मांडीत घट्ट धरून पलंगावर बसले. पावणेपाचला पोर ताणून हात पुढे करायला लागली आणि समोरची हवा गार झाली. दादा दाराबाहेर असणार, माहीत होतं. मी मोठ्याने बोलले. ज्या गोष्टी माझ्या आईशी बोलले नाही त्या.

म्हटलं, "चैताली, मी आम्रपाली. मलाही मुलगी होती. प्रियदर्शनी. अकरा महिन्यांची. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये माझी ड्यूटी कोविड सेंटरला लागली. पोरीला लागण नको म्हणून मी घरी जात नव्हते, तिथेच क्वार्टरमध्ये राहत होते. रोज पहाटे छाती दगड व्हायची आणि मी दूध पिळून मोरीत टाकायचे. सासूबाई फोनवर सांगायच्या, पोर वाटीचं घेत नाही, पहाटे उठून तुलाच शोधते. मी म्हणायचे, दोन दिवस रडेल, मग सवय होईल. नऊ दिवस. दहाव्या दिवशी तिला ताप चढला, आकडी आली. मी अंगात किट घालून होते, फोन कपाटात होता. सोळा मिस कॉल. मी पोचले तेव्हा तिचे हात बांधून झाले होते. आणि माझा झगा पुढून ओला होता, बाई. दुधाला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे अकरा दिवस येत राहिलं. मी लुगड्याची पट्टी आवळून बांधली, तरी येत राहिलं."

समोर काही हललं नाही. पण ऐकत होतं.

"तुझ्या दुधालाही कुणी सांगितलेलं नाही. तुला वाटतं पोर उपाशी आहे, म्हणून तू येतेस. ती पिते, तिचं पोट भरतं, आणि अंगी काही लागत नाही. तिच्या बरगड्या बघ. हात लावून बघ. तू आई आहेस, मी सांगायला नको."

खूप वेळ गेला. मग मुक्ताचा सदरा आपोआप थोडा वर सरकला. पोटावरून. बरगड्यांपर्यंत. आणि एकेका बरगडीवर कातडी किंचित दबत गेली, एकेक करून, मोजल्यासारखी.

मग खोलीत कुणीतरी रडलं. मुक्ता नाही. मी नाही.

१ डिसेंबर, सोमवार

पावणेपाचला मुक्ता उठली. हात पुढे केले. कुणी आलं नाही. तिने जो टाहो फोडला तो माझ्या काळजात आहे अजून. आणि पलीकडून, खुर्ची असायची तिथून, दुसरं रडणं. दोघी एकमेकींसाठी रडत होत्या आणि मधे चार पावलांचं अंतर होतं.

दादा दारावर मुठी आपटत होते. "येऊ द्या तिला! ताई, तिला येऊ द्या हो!"

मी दार उघडलं नाही. मुक्ताला थोपटत राहिले. "दुदू झोपलंय, उजाडल्यावर खाऊ." पलीकडचं रडणं हळूहळू बारीक झालं, मग गुणगुणण्यासारखं झालं, आणि त्या गुणगुणण्यावर मुक्ता झोपली. न पिता.

नऊ वाजता अर्धी वाटी मऊ भात खाल्ला. चमचा हिसकावून घेतला माझ्या हातातून. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

३ डिसेंबर, बुधवार

तीन दिवस मुक्ता जेवते आहे. नऊ किलो पन्नास. पहाटे उठते, थोडी कुरकुरते, झोपते. खोली गार होत नाही.

दादांना मी समजावलं. इथे राहिलात तर तुम्हीच तिला परत बोलवाल. त्यांनी नाही म्हटलं नाही. उद्या मुक्ताला घेऊन ते सदाशिव पेठेत त्यांच्या आईवडिलांकडे जातात. तिथे माणसं आहेत, शेजारी पोरं आहेत. मी आठवडाभर इथे थांबून घर आवरायचं, चैतालीचे कपडे बांधायचे, मग तिकडे जायचं असं ठरलं. ते कपडे त्यांच्याच्याने बघवत नाहीत.

४ डिसेंबर, गुरुवार

गेले. मुक्ताने गाडीतून मला मोजा दिला नाही, दोन्ही पायांत नीट होते. हात हलवला. चेहऱ्याला रंग आहे.

दादा निघताना वाकायला लागले, मी मागे सरले. म्हणाले, माझ्या पोरीला तुम्ही वाचवलंत.

घर फार मोठं वाटतंय.

६ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. दर वर्षी आम्ही विहारात जातो. आईचा फोन आला, आवाज असा का येतो म्हणाली. थंडी, म्हटलं.

खरं कारण लिहिते. काल पहाटे पावणेपाचला जाग आली तेव्हा ब्लाउज पुढून भिजलेला होता. साडेचार वर्षांनी. पोर सतत अंगाशी असली की कधी कधी असं होतं, मला माहीत आहे. वॉर्डात एका आजीला झालेलं बघितलंय. घाबरण्यासारखं काही नाही. घट्ट पट्टी बांधली.

आज पहाटे पट्टी सोडलेली होती. गाठ मी मागे मारली होती.

८ डिसेंबर, सोमवार

दाराच्या फटीतून गार हवा आली. चैताली दारात उभी होती. दिसली नाही, पण त्या पाठीचा गारवा मी विसरणार नाही. आत आली नाही. तिने काहीतरी खाली ठेवलं. फरशीवर तळहात आपटल्याचा आवाज झाला, चप चप चप. रांगण्याचा.

मुक्ता चालते. रांगत नाही.

आवाज माझ्या गादीपर्यंत आला आणि थांबला. धाप लागलेली. माझ्या पदराला धरून कुणीतरी उभं राहिलं.

मी तिला तिची पोर सोडायला लावली. तिने माझी आणून दिली. हा सूड आहे की आणखी काही, मला कळत नाही. कदाचित तिला वाटलं असेल, आम्रपालीचं दूध तरी वाया जाऊ नये.

९ डिसेंबर

हात लावून बघितलं. जावळ तसंच आहे, मागे घासून गेलेलं. डाव्या कानापाशी ती पुळी.

मला माहीत आहे हे काय आहे. मी नर्स आहे. चैतालीला मीच समजावलं होतं. मी तोंड फिरवून पडून राहिले. माझ्या पोरीने रडणं सुरू केलं—ते रडणं मी कधी ऐकलंच नव्हतं. त्या नऊ दिवसांचं. सासूबाई फोनवर सांगायच्या ते.

सहापर्यंत ऐकलं. घेतलं नाही.

१० डिसेंबर

घेतलं.

१२ डिसेंबर

दादांचा फोन. मुक्ता बरी आहे, आज चपातीचे चार तुकडे खाल्ले, आजोबांच्या चपला लपवते. ताई कधी येता? दोन दिवसांनी, म्हटलं. मागच्या वेळीही दोन दिवसांनी म्हटलं होतं.

उभं राहिलं की अंधारी येते. भूक नाही. बांगड्या मनगटावरून आपोआप निघतात. गार फार.

पण पिताना ती वर बघते. थांबते, हसते, दूध गालावरून ओघळतं, पुन्हा पिते—हे मी विसरले होते—

१३ डिसेंबर

शालनकाकू दारात. आरशात बघितलंस का स्वतःला, म्हणाल्या. दार लावून घेतलं. बाहेरून म्हणत होत्या, मी वरदला फोन करते हं, थट्टा नाही.

करू देत.

आता पोर दिवसाही उठते. दोनदा. तीनदा. नऊ दिवसांची भूक आहे. जड झाली आहे. मांडीवर घेतली की उठवत नाही मला.

१४ डिसेंबर

अक्षर ओळीखाली जातंय—

चैतालीला मी म्हटलं, पोरीच्या बरगड्या बघ. इथे पोरीच्या बरगड्या दिसत नाहीत. माझ्या दिसतात. मग कुणाचं काय बिघडलं. पोर तर गुटगुटीत—

चैताली रोज येते दारात. आत येत नाही. आज काहीतरी म्हणत होती, नको नको असं. पोरीला न्यायला हात पुढे केला तिने. मीच दिली नाही.

१५ डिसेंबर

दादा आलेत. दार वाजतंय. शालनकाकू, नागोराव, सगळे. अजून उजाडलं नाही. कडी आहे आतून.

दादा म्हणतायत, ताई, उघडा. मुक्ता आली आहे बघा. तुम्हाला बोलावते आहे. खरंच तिचा आवाज. "ताई." नवा शब्द शिकली.

उघडते. हे एवढं पाजून होऊ दे. मधेच तोडलं तर तिला वाटेल, पुन्हा गेली. मी तिला म्हटलंय, आता कुठे जाणार नाही—

दार फोडतायत. हळू, दचकेल ती. प्रियू, पी गं, घाबरू नको, आई आहे, आई इथेच